सूनबाईचा इंग्रज पेशंट

आमच्या घरात सासरा आणि सून यांचं बोलणं माझ्या बायकोच्या मार्फत चालायचं. तसा नियम कुणी केलेला नव्हता. सून नर्स, पंजाबी ड्रेस घालून स्कूटीवर ड्यूटीला जाणारी. मीही जन्मभर शाळेत मुलामुलींना शिकवलेला माणूस. तरीही चहा झाला की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "आत्या, मामांचा चहा झाला." आणि मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचो, "साखर कमी टाक म्हणावं." मधे बसलेली बायको एकदा आमच्या दोघांकडं बघायची आणि म्हणायची, "मी काय टेलिफोन हाय का तुमचा?"

त्यात राग नव्हता की दुरावा नव्हता. सुनेशी कसं बोलायचं हे मला माझ्या घरात कुणी दाखवलंच नव्हतं, एवढंच. माझे वडील माझ्या बायकोशी बोलायचे ते भिंतीकडं तोंड करून.

मी बिडकीनजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्त झाल्यापासून हर्सूलच्या आमच्या घरी निवांत होतो. सकाळी तलावावर चक्कर, दुपारी पेपर, रविवारी विहारात जाणं, आणि पाण्याच्या दिवशी नळाला मोटार लावून घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवणं, असा माझा दिनक्रम होता. मुलगा वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये. सून फर्दापूरची. तिच्या वडलांचं तिथं चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल आहे. लेणी बघायला आलेले परदेशी लोक तिथं थांबायचे आणि ही शाळेतून आली की त्यांना "हॅलो, वॉटर बॉटल?" असं विचारायची. तिच्या इंग्रजीची सुरुवात तिथली.

लग्नाला दोन-अडीच वर्षं झाल्यावर तिनं आणि मुलानं ठरवलं, की तिनं इंग्लंडला नर्स म्हणून जायचं आणि जम बसला की त्यानं मागून जायचं. आम्ही हो म्हणालो. त्यासाठी इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. तिच्यात वाचणं, ऐकणं, लिहिणं असतंच, पण बोलण्याच्या परीक्षेत चक्क नाटक असतं. परीक्षा घेणारा पेशंट होतो, आपण नर्स व्हायचं आणि त्याच्याशी पाच मिनिटं बोलायचं. सून हे नाटक तिच्या वॉर्डातल्या एका मैत्रिणीबरोबर करायची. ती मैत्रीण पास होऊन निघून गेली. मग मुलगा पेशंट झाला. पण शिफ्ट करून आलेला तो, दिवाणावर आडवा झाला की खरंच झोपायचा. सून विचारायची, "हाऊ आर यू फीलिंग टुडे?" आणि उत्तर म्हणून घोरणं ऐकू यायचं.

एके दिवशी बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ती इचारतीय, मामा पेशंट व्हतील का?"

"मी? माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणावं."

आतून आवाज आला, "आत्या, चालेल म्हणा. पेशंटच्या इंग्रजीला मार्क नसतात."

मला हसू आलं. मनातून खूष पण झालो. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी माझ्याकडं काहीतरी मागत होतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला ती ड्यूटीवरून आली, हातपाय धुतले आणि समोर खुर्ची टाकून बसली. मी दिवाणावर उशीला टेकून, अंगावर चादर घेऊन. एकदम तिचा आवाज बदलला. घरात हळू, खाली मान घालून बोलणारी ही मुलगी माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "गुड आफ्टरनून सर. आय ॲम युअर नर्स टुडे. हाऊ आर यू फीलिंग?"

मी गडबडीनं म्हणालो, "आय ॲम फाइन, थँक यू."

स्वयंपाकघराच्या दारात बायको पदर तोंडाला लावून उभी.

"मामा," सून म्हणाली, "पेशंटच फाइन असल्यावर मी काय करू?"

तिनं माझं नाव घेऊन, म्हणजे माझं नातं घेऊन, सरळ मला उद्देशून म्हटलेलं ते बहुधा पहिलं वाक्य.

मग तिनं मला समजावलं. परीक्षेत पेशंट साधं बोलत नाही. इंग्लंडातले म्हातारे तर मुळीच नाही. ते म्हणतात 'अंडर द वेदर', आणि त्याचा हवामानाशी काही संबंध नसतो. बरं वाटत नाही, एवढाच अर्थ. 'पिन्स अँड नीडल्स' म्हणजे हातापायाला मुंग्या येणं. 'अ फ्रॉग इन माय थ्रोट' म्हणजे घसा बसणं. तिच्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, की हे कळलं नाही तर नर्सची फार पंचाईत होते.

हे ऐकून माझ्यातला मास्तर जागा झाला. अहो, मी जन्मभर शिकवलं काय? वाक्प्रचार! अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. पोटात कावळे ओरडतात म्हणून कुणी पोटात कावळे शोधत नाही, हे मी किती वर्गांना सांगितलं असेल. इंग्रजी म्हणजे व्याकरणाच्या नियमांची रुक्ष भाषा, असा माझा शाळेपासूनचा समज. त्या भाषेतली माणसं घशात बेडूक घेऊन आणि पोटात फुलपाखरं घेऊन फिरतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. आमच्या पोटात भुकेनं कावळे, त्यांच्या पोटात भीतीनं फुलपाखरं. मला ती माणसं एकदम जवळची वाटायला लागली.

मी सुनेला म्हणालो, "हे पाठ करून उपयोग नाही. रोजच्या वाक्यात वापरायचं. मी पोरांना तसंच शिकवलं."

मग ते घरभर सुरू झालं. सकाळी तलावावरून आलो की ती विचारायची, "मामा, कसं वाटतंय?" आणि मी म्हणायचो, "राइट ॲज रेन," म्हणजे एकदम ठणठणीत. तिची ड्यूटी जड गेली की ती पर्स खुंटीला लावत म्हणायची, "आज एका पेशंटचा नातेवाईक नुसता पेन इन द नेक होता, डोक्याला ताप." भाजीवाल्यानं मेथीची जुडी महाग सांगितली की मी बायकोला म्हणायचो, "ॲन आर्म अँड अ लेग." बायको म्हणायची, "हात-पाय कशाला? पैसे द्या आन् सुट्टे मागून घ्या."

बायकोला सुरुवातीला हा सगळा पोरखेळ वाटायचा. पण दुखण्यांच्या बाबतीत तिचा शब्दसाठा मोठा. ती दारातूनच माल पुरवायची. "तिला सांगा, अंग कसकसतंय. तिला सांगा, जीव घाबराघुबरा व्हतोय. डोस्क्यात घण पडत्यात." सून त्यावर विचार करायची आणि त्याला जवळचं इंग्रजी शोधायची. कधी सापडायचं, कधी नाही. 'अंग कसकसणं' शेवटपर्यंत सापडलं नाही. "ह्याला त्यांच्यात शब्दच नाही," सून हताश होऊन म्हणाली. बायको म्हणाली, "मग त्यांचं अंग कसकसत नसंल. नशीबवान हायेत."

एकदा मात्र बायको खरीच चिडली. पाण्याचा दिवस होता, बाथरूमपासून व्हरांड्यापर्यंत भरलेल्या बादल्या. मी घाईत चाललो होतो आणि माझा पाय एका बादलीला लागला. बायको ओरडली, "बकेटीला लाथ कशाला मारताव?" सुनेनं आणि मी एकमेकांकडं बघितलं आणि दोघांनाही हसू आवरेना. आम्ही दोघं असे एकत्र कधी हसलोच नव्हतो. बायको विचारायला लागली, काय झालं, काय झालं. शेवटी सुनेनं भीत भीत सांगितलं, की 'किक द बकेट' म्हणजे मरणं. बायकोनं हातातला पाइप खाली टाकला. "असलं अभद्र शिकवता व्हय घरात? नाय शिकायचं ते!" त्यानंतर तो वाक्प्रचार आमच्या अभ्यासातून कायमचा वगळला गेला.

आता मला जे सांगायचंय ते जरा अवघड आहे, पण सांगतो.

त्या काळात मला लघवीचा त्रास होता. बरेच महिने होता. रात्री पाच-सहा वेळा उठावं लागायचं, आणि उठूनही समाधान होत नव्हतं. दिवसाही घरापासून लांब जायची भीती वाटायची. भाच्याच्या लग्नाला जालन्याला जायचं होतं, मी गुडघ्याचं निमित्त सांगून टाळलं. विहारात मी मागच्या बाजूला, दाराजवळ बसायला लागलो. बायकोला वाटायचं, मला झोप लागत नाही म्हणून मी उठतो. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मित्रांमध्ये असलं बोलणं थट्टेत जातं. मुलाला सांगायची लाज वाटत होती. आणि घरातच नर्स असली तरी ती सून होती. लघवी हा शब्द तिच्यासमोर माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

एका दिवशी क्लासमधून आलेले नवे वाक्प्रचार ती मला सांगत होती. एकाशी येऊन अडखळली.

"हा एक आहे. 'स्पेंड अ पेनी.'"

"म्हणजे पैसे खर्च करणं," मी म्हणालो.

"नाही मामा." ती पाण्याच्या फिल्टरकडं बघायला लागली. "तिकडं पूर्वी बाहेरच्या संडासाला एक पेनी टाकावी लागायची म्हणे. म्हणून... म्हणजे ते, बाथरूमला जाणं. सर सांगत होते, एका नर्सला पेशंट असं म्हणाला आणि तिनं त्याला त्याचं पाकीट आणून दिलं."

मी पंख्याकडं बघत म्हणालो, "अच्छा. म्हणजे शाळेत पोरं करंगळी दाखवतात, तसं."

"हां. तसंच."

आम्ही दोघांनी घाईनं पुढचा वाक्प्रचार घेतला.

पण तो शब्द माझ्या डोक्यात राहिला. त्याच्यात घाण काही नव्हतं. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो आणि बोलणाऱ्याची मान खाली जात नाही. मी दोन दिवस त्याच्यावर विचार करत होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी सरावाला बसलो. तिच्या हातातल्या सरावाच्या कार्डावर लिहिलं होतं त्याप्रमाणे मी एक इंग्रज म्हातारा होतो, गुडघा दुखतो म्हणून भरती झालेला. तिनं नेहमीप्रमाणे विचारपूस केली. मी गुडघ्याचं सांगितलं, कुरकुर केली, 'अंडर द वेदर' वापरलं. शेवटी तिनं कार्डात नसलेला, पण दवाखान्यात नर्स नेहमी विचारते तो प्रश्न विचारला.

"इज देअर एनीथिंग एल्स ट्रबलिंग यू, सर?"

मी म्हणालो, "येस, सिस्टर. आय स्पेंड अ पेनी."

ती हसली. बरोबर वापरलं म्हणून तिला आनंद झाला.

"आय स्पेंड मेनी पेनीज," मी म्हणालो. "होल नाइट. एव्हरी नाइट."

ती अजून हसतच होती. मग तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तिचं हसू हळूहळू गेलं. मी चादरीचं टोक बोटांत धरून बसलो होतो. आता उठावं आणि चप्पल घालून बाहेर निघून जावं, असं मला वाटलं.

तिनं खुर्ची थोडी पुढं ओढली. आवाज तोच, दवाखान्यातला. "हाऊ मेनी टाइम्स, सर?"

मी सांगितलं.

"इज देअर पेन?"

"नो पेन."

"डू यू फील इट इज नॉट कम्प्लीट?"

"येस, सिस्टर. नॉट कम्प्लीट."

"सिन्स व्हेन?"

"सिन्स लास्ट पावसाळा," मी म्हणालो. पावसाळ्याचं इंग्रजी ऐनवेळी आठवलं नाही.

तिनं कार्ड मांडीवर उलटं ठेवलं. "एनी ब्लड?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. तेव्हा तिनं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"थँक यू फॉर टेलिंग मी, सर," ती म्हणाली. "आय नो इट इज नॉट ईझी."

हे वाक्य परीक्षेतलंच होतं. क्लासमध्ये घोटून घेतलेलं. तिनं ते माझ्यासमोर आधी कितीतरी वेळा म्हटलं होतं, आणि मी तेव्हा घड्याळाकडं बघत असायचो. त्या दिवशी माझे डोळे भरून आले. ती खाली वाकून पायाशी पडलेलं पेन उचलायला लागली, आणि ते उचलायला तिनं चांगलाच वेळ लावला.

वर बघून ती म्हणाली, "टुमारो यू विल सी द डॉक्टर. आय विल कम विथ यू. ओके?"

"ओके, सिस्टर."

मग ती उठली, खुर्ची जागेवर ठेवली, आणि मराठीत म्हणाली, "मामा, चहा टाकू?"

दुसऱ्या दिवशी तिनं बायकोला सांगितलं, की मामांचं साधं चेकअप करून आणते. मला रिक्षानं जायचं होतं, पण ती म्हणाली, रिक्षावाले सीट भरेपर्यंत थांबवून ठेवतात, स्कूटीवर बसा. सुनेच्या मागं स्कूटीवर बसायची ती माझी पहिलीच वेळ. हात कुठं ठेवायचे कळेना. शेवटी मागचं कडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. जेलसमोरच्या सिग्नलला आमच्या तलावावरच्या मंडळींपैकी एक जण भेटले. "काय गुरुजी, आज डबल सीट?" मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, "माझ्या दवाखान्यात नेतेय बाबांना, माझ्या ओळखीनं पटकन होतं." त्यांचं समाधान झालं. मला 'बाबा' म्हटलेलं त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी मराठीतच विचारलं, "काय होतंय, काका?" मी टेबलावरच्या काचेकडं बघत राहिलो. माझ्या मागं उभ्या असलेल्या सुनेनं सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं, एकही शब्द न अडखळता, आणि मग म्हणाली, "सर, तपासताना मी बाहेर थांबते." ती बाहेर गेली तेव्हा मला मोकळं वाटलं आणि वाईटही वाटलं. सोनोग्राफीच्या आधी पाणी पिऊन रोखून धरा म्हणाले. माझ्यासारख्याला रोखून धरायला सांगणं म्हणजे शिक्षाच. बाकावर बसून मी मनातल्या मनात सगळे वाक्प्रचार म्हणत होतो, मन दुसरीकडं लागावं म्हणून.

प्रोस्टेटची ग्रंथी वाढली होती. रक्ताच्या तपासणीचा निकाल यायचा होता आणि तो येईपर्यंतचे दिवस मी फारसं जेवलो नाही. निकाल चांगला आला. भिण्यासारखं काही नव्हतं, दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. आता घरात सांगणं भाग होतं.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. किती महिने, कसं, कधीपासून. मग तिनं विचारलं, "आन् तुम्ही तिला सांगितलंत?"

"इंग्रजीत," मी म्हणालो. जणू त्यानं काही फरक पडत होता.

"मला मराठीत सांगता आलं नाय व्हय?"

ती उठून आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा यायचा, ताट यायचं, पण शब्द नाही. आता मधला टेलिफोन सून झाली. "आत्या, मामा विचारतात गोळी कुठं आहे." "दिली म्हणावं." मला बायकोचा राग समजत होता. इतकी वर्षं तिनं माझी सगळी दुखणी निस्तरली होती, आणि ह्या एका दुखण्याच्या वेळी मी तिला दाराबाहेर ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सून आणि ती धान्य निवडत बसल्या होत्या. मी पलीकडं पेपर वाचत होतो, म्हणजे ऐकत होतो. बायको म्हणाली, "ते पेनीचं काय हाय ते मला बी शिकव."

सुनेनं शिकवलं. बायकोनं दोन-तीनदा म्हणून बघितलं. संध्याकाळी ती माझ्यासमोर आली, कमरेवर हात ठेवून, आणि गंभीरपणानं विचारलं, "हाऊ मेनी पेनी?"

मी बोटं दाखवली. ती म्हणाली, "लई झाल्या. रात्री उठताव तवा मला उठवा. अंधारात एकटे जाऊ नका." एवढं बोलून ती गेली. पण नंतर माझ्या उशाशी बॅटरी आणून ठेवलेली दिसली.

ऑपरेशन सुनेच्याच दवाखान्यात झालं. तिनं ड्यूट्या बदलून घेतल्या होत्या. मला नळी आणि पिशवी लावलेली होती, आणि त्या पिशवीची मला भारी लाज वाटत होती. पण ती पिशवी बदलायची किंवा अंग पुसायचं असलं की ती कधीच आली नाही. वॉर्डातल्या एका ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, पाठवायची आणि स्वतः दुसऱ्या टोकाला काहीतरी काम काढायची. ते झालं की यायची, पायथ्याशी उभी राहायची.

"हाऊ आर यू फीलिंग टुडे, सर?"

"ऑन द मेंड, सिस्टर." म्हणजे सुधारतोय.

शेजारच्या कॉटवर खुलताबादचे एक म्हातारे चाचा होते. त्यांनी हे दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"मास्टरसाब, ये नर्स बाहर के मुल्क की है क्या?"

"नहीं चाचा. मेरी बहू है."

"बहू है?" ते उठून बसले. "तो घर में भी अंग्रेजी में बातां करते क्या?"

मी त्यांना काय सांगणार? मी म्हणालो, "पहले करते ही नहीं थे. अब करते हैं." चाचांनी मान डोलावली. मग सून त्यांच्याकडं गेली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, "बेटी, मेरे कू भी कुछ अंग्रेजी में पूछ." तिनं विचारलं. ते म्हणाले, "येस," आणि सगळ्या वॉर्डाकडं अभिमानानं बघितलं.

मी घरी आलो, बरा झालो. पहिल्या रात्री सलग झोप लागली तेव्हा सकाळी बायकोनंच मला हलवून उठवलं, जिवंत आहे ना बघायला.

सूनबाई परीक्षेला पुण्याला गेली. निकालात बोलण्याचे मार्क उत्तम आले, पण लिहिण्यात थोडक्यात राहिली. ती त्या दिवशी जेवली नाही. खोलीत रडत होती. मुलगा शिफ्टला होता. मी दारात जाऊन उभा राहिलो. आत जावं की नाही कळेना. मग तिथूनच म्हणालो, "पोरी, बोलण्यात पहिल्या दणक्यात पास झालीस. लिहिणं घोटून येतं. ते मला शिकवता येतं." आणि खरंच आम्ही बसलो. इंग्रजी तिचं होतं, पण परिच्छेद कसा पाडायचा, मुद्दा कुठं आधी सांगायचा आणि कुठं हात आखडता घ्यायचा, हे कुठल्याही भाषेत सारखंच असतं. पुढच्या खेपेला ती सगळ्यात पास झाली. तिच्या वडलांनी फर्दापूरहून पेढे पाठवले आणि दिवसभर हॉटेलात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चहासोबत पेढा दिला म्हणे.

ती गेली त्या दिवशी चिकलठाण्याच्या विमानतळावर आम्ही सगळे होतो. तिनं आधी बायकोला मिठी मारली. माझ्यासमोर आली आणि पाया पडायला वाकली. मी तिला खांद्याला धरून उठवलं. इंग्रजीत काय म्हणायचं हे मी रात्रभर ठरवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं, "नीट जेवत जा."

आता तिला तिकडं वर्ष होत आलंय. मुलगा पुढच्या काही महिन्यांत जाईल. ती ज्या वॉर्डात आहे तिथं बहुतेक म्हातारेच असतात. पहिल्या आठवड्यातच तिनं फोनवर सांगितलं, "मामा, आपण एवढे पाठ केले, पण ते पेनीचं इथं फक्त एका आजींनी म्हटलं. बाकी सगळे सरळ सांगतात." मला जरा वाईट वाटलं. पण ती म्हणाली, की इतर पुष्कळ कामाला येतात, आणि एखाद्या म्हाताऱ्यानं काही लाजत-लाजत सांगितलं, की तिला ते सगळ्यांच्या आधी कळतं. बाकीच्या नर्स तिला विचारतात, तुला कसं कळलं.

सुट्टीच्या दिवशी तिचा फोन येतो. तिकडं दुपार, इकडं संध्याकाळ. ती फोन टेबलावर उभा करून जेवायला बसते. सुरुवातीला मी एखादा नवा वाक्प्रचार शोधून ठेवायचो तिच्यासाठी. एकदा तो सांगायला लागलो तर ती म्हणाली, "मामा, दिवसभर इंग्रजीच बोलते हो. तुम्ही मराठीत काहीपण सांगा. मी ऐकते."

मग मी सांगतो. पाणी आज आलं की नाही, किती दाबानं आलं. बायकोच्या गुडघ्याचं. समोरच्यांनी नवीन गाडी घेतली आणि ती गल्लीत वळत नाही. तलावावर यंदा पक्षी बरेच आलेत. तुझ्या वडलांचा फोन आला होता, त्यांनी हॉटेलला रंग दिलाय. बायको मधेच फोन ओढून घेते आणि ताटात काय आहे ते बघते. "नुसता ब्रेड? पोळी कर की गं!" सून म्हणते, "करते, आत्या, उद्या करते," आणि खात खात म्हणते, "मामा, तुम्ही थांबू नका. मग काय झालं त्या गाडीचं?"